परकार सरांची ओळख

त्या सकाळी मी आईचा हात पिरगळला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला भला मुलगा समजायला नको. आईने तेव्हा ऐंशी पार केली होती. विसरण्याच्या आजाराला तीन वर्षं होत आली होती. आधी ती गॅस बंद करायला विसरायची, मग वार विसरली, मग आमची कोपरीतली बिल्डिंग, आणि शेवटी मला. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. बायकोची शाळेतली नोकरी अजून शिल्लक होती, म्हणून मी दोन वर्षं आधीच निवृत्ती घेऊन आईला सांभाळायला घरी राहिलो. नातेवाईक कौतुक करायचे आणि मला ते आवडायचंही. पण दिवसभर घरात आम्ही दोघंच असायचो. ती मला 'अहो' म्हणायची, 'तुम्ही' म्हणायची, आणि कधी कधी खोलीचं दार आतून लोटून घ्यायची, कारण घरात कुणी परका पुरुष वावरतोय असं तिला वाटायचं.

त्या सकाळी तिने गोळी थुंकून टाकली आणि म्हणाली, माझ्या मुलाला बोलवा. मी म्हटलं, अगं, मीच तुझा मुलगा. तिने माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.

"माझा मुलगा इतका म्हातारा नाही," ती म्हणाली.

ती थट्टा करत नव्हती, तिच्या डोळ्यांत भीती होती. मला तिची दया यायला हवी होती. पण मला राग आला. नाशिकला राहणारा, वर्षातून दोनदा येऊन जाणारा माझा धाकटा भाऊ तिला नावानिशी आठवत होता. मी तिचं मनगट धरलं आणि दुसरी गोळी तोंडात जाईपर्यंत पिरगळून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिथे माझी चार बोटं निळी उमटलेली होती. बायकोने ती पाहिली. मला काही विचारलं नाही, मलम आणून आईच्या हाताला लावत बसली. ती मला चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

देवाशी माझं तेव्हा फारसं बोलणं उरलं नव्हतं. गावी गणपती असतो, त्याला जायचं म्हणून जायचो. गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचा वडिलांचा नेम मी काही वर्षं चालवला होता, तोही सुटला. ज्या बाईने आयुष्यभर उपास केले, कुणाचं वाईट चिंतलं नाही, तिची पाटी अशी पुसून टाकणाऱ्याला मी काय मागणार होतो? आणि आता तर मागायला तोंडही उरलं नव्हतं.

त्याच आठवड्यात आईला माजिवड्याच्या डॉक्टरांकडे न्यायचं होतं. तिथे नंबर लागायला दोन-दोन तास बसावं लागतं. समोरच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं. गृहस्थ सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा इस्त्रीचा शर्ट, पायात साध्या चपला. बाईंनी डोक्यावरून ओढणी घेतली होती आणि त्या सारख्या खिडकीबाहेर बघत होत्या. मग त्यांनी शेजारच्या गृहस्थांना विचारलं, "तुम्ही कुठे उतरणार?" त्यांना आपण एस.टी.त बसलोय असं वाटत होतं. मला वाटलं, आता ते सांगणार, अगं, हा दवाखाना आहे. मी तेच सांगितलं असतं, त्या तीन वर्षांत असंच सांगत आलो होतो. ते म्हणाले, "तुम्ही जिथे उतराल तिथेच." बाईंचं समाधान झालं. पुन्हा त्या बाहेर बघू लागल्या.

थोड्या वेळाने त्यांनी पिशवीतून मोसंबं काढलं, सोललं, आणि फोडी पत्नीला देता देता दोन फोडी माझ्या आईपुढेही धरल्या. माझ्या हातून पाणीसुद्धा न घेणाऱ्या माझ्या आईने त्या घेतल्या. घेताना पदराखालून मनगट बाहेर आलं. त्या गृहस्थांची नजर डागावर पडली आणि मग माझ्याकडे आली. त्या नजरेत आरोप नव्हता. मला मात्र तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांचा नंबर लागला तेव्हा नोंदणीच्या खिडकीतली मुलगी स्वतः उठून आली, त्यांच्या पत्नीचा हात धरून त्यांना आत घेऊन गेली. परत आल्यावर मला आपणहून म्हणाली, हे आमचे परकार सर. कल्याणला शाळेत भूगोल शिकवायचे. आता गुरुवारी संध्याकाळी चार माणसं त्यांच्याकडे बसायला येतात, माझे बाबाही जातात. कशासाठी बसतात, असं मी विचारलं. ती म्हणाली, ते नाही सांगता येत, पण बाबा घरी येतात तेव्हा शांत असतात.

शांत हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. तिसऱ्या गुरुवारी बायको शाळेतून लवकर आली, तिच्यावर आईला सोपवून मी स्कूटर काढली. दुर्गाडीचा पूल ओलांडेपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं. आपण कुणाकडे, कशाला चाललोय, घरी काय सांगायचं? एका मुसलमान गृहस्थांच्या घरी बसायला चाललोय, असं मी बायकोलासुद्धा धड सांगितलं नव्हतं. एका कामासाठी चाललोय म्हटलं होतं. दूधनाक्याजवळ गादीवाल्याच्या दुकानावर त्यांचं घर होतं. जिन्यावर कापसाचे पुंजके उडत होते. वर सात-आठ माणसं सतरंजीवर गप्प बसली होती. एक रिक्षावाले, एक नर्स, डोंबिवलीचे एक निवृत्त मामलेदार, दोघं-तिघं तिथलेच शेजारी. कुणी पुढे बसलं नव्हतं, कुणी प्रवचन करत नव्हतं. परकार सर भिंतीला टेकून बसले होते. मला बघून त्यांनी फक्त जागा करून दिली. अर्धा तास सगळे आपापला श्वास बघत बसले. माझ्या डोक्यात तेवढ्या वेळात साऱ्या जगाशी भांडण झालं.

मग आतून त्यांची पत्नी आली. हाजराबाई त्यांचं नाव. एवढी माणसं बघून त्या दारातच घाबरून थांबल्या आणि विचारलं, हे सगळे कोण? सर लगेच उठले, त्यांच्यापासून दोन हात लांब उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "माझं नाव हसन. आपल्याकडे पाहुणा म्हणून आलोय. बसायची परवानगी आहे का?"

हाजराबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "बसा. चहा घेणार ना?" आणि मालकिणीच्या तोऱ्यात आत गेल्या. कुणी हसलं नाही. एक शेजारीण त्यांच्या मदतीला आत गेली आणि खरंच चहा आला.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी थांबलो. सरांनी गाव विचारलं, मी सांगितलं. ते हसले. आम्ही एकाच खाडीच्या दोन काठांवरचे निघालो. ते म्हणाले, तुमच्या गावची माणसं माझ्या वडिलांच्या होडीत बसून पलीकडे यायची. एवढं ऐकलं आणि माझा बांध फुटला. मी त्यांना सगळं सांगितलं, मनगटाचंही. ते मला धीर देतील, चालायचंच म्हणतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? ज्यांचा हात, त्यांना सांगा."

मी म्हटलं, सर, तिला काही आठवत नाही.

"तुम्हाला आठवतं ना," ते म्हणाले.

पुढे त्यांनी स्वतःचं सांगितलं, हळूहळू, कित्येक गुरुवारांत मिळून. ते मी इथे एकत्र सांगतो. तरुणपणी ते नोकरीसाठी कल्याणला आले. लग्न झालं, मुलगी झाली, आणि चार वर्षांची होऊन तापाने गेली. त्यानंतर त्यांनी नमाज सोडली. कुणीतरी त्यांना भिवंडीला एका म्हाताऱ्याकडे नेलं. हा म्हातारा यंत्रमागावर जॉबर होता, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. मागांच्या खडखडाटाने त्याला निम्मंच ऐकू यायचं. लोक त्याला उस्ताद म्हणायचे आणि त्याच्या मागे पिरांची मोठी परंपरा आहे असं सांगायचे. तो स्वतः त्याबद्दल कधी बोलला नाही. तीन महिने सर दर शुक्रवारी जाऊन बसायचे, उस्तादाने नावही विचारलं नाही. मग एक दिवस विचारलं, तू कोण? सरांनी नाव सांगितलं, बापाचं नाव, गाव, शाळा, हुद्दा. उस्ताद म्हणाला, हे सगळं तर मेल्याच्या दाखल्यावरही लिहितात. तू कोण? सर मला म्हणाले, मी चाळीस वर्षं त्या प्रश्नाचं उत्तर शोधतोय. उस्ताद गेला, पण प्रश्न इथेच ठेवून गेला.

सरांच्या कपाटात उर्दू, मराठी, इंग्रजी पुस्तकं होती आणि त्यांच्या शेजारी जुने नकाशे. भूगोलाच्या मास्तरांना साजेशी त्यांची सांगण्याची तऱ्हा होती. एकदा त्यांनी नकाशा पसरून इजिप्तच्या वाळवंटावर बोट ठेवलं. म्हणाले, सुफी यायच्या कितीतरी आधी इकडे काही माणसं होती. ती म्हणायची, माणूस पापी नाही, विसरभोळा आहे. आपण कुठून आलो ते विसरलाय, आणि ते आठवणं म्हणजेच सुटका. त्यांचा त्याला ग्रीक शब्द होता, ग्नोसिस. आमचे सुफी मारिफत म्हणतात. वर्गात मुलांना सांगायचं असतं तर मी साधं ओळख म्हटलं असतं. मग नकाशाची घडी घालता घालता म्हणाले, ही ओळख मी लोकांना वीस वर्षं शिकवली, आणि एके सकाळी माझ्या बायकोने मला विचारलं, तुम्ही कोण?

पहिलं वर्षभर तेही माझ्यासारखेच भांडले होते. हाजराबाईंना निकाहचा कागद दाखवायचे, फोटो दाखवायचे, मुलीचं नाव घ्यायचे. त्या रडायच्या. "एक दिवस लक्षात आलं," सर म्हणाले, "ती उस्तादाचाच प्रश्न विचारतेय. आणि मी तिच्यापुढे कागद नाचवतोय." त्या दिवशी त्यांनी कागद पेटीत ठेवले आणि दुसऱ्या सकाळी हाजराबाईंच्या दारात उभं राहून परवानगी मागितली. तेव्हापासून रोज मागतात. काही दिवशी मिळत नाही. मग ते जिन्यात बसून राहतात.

मलाही त्यांनी त्या पहिल्या गुरुवारी निघताना एवढंच सांगितलं होतं. मंत्र दिला नाही, माळ दिली नाही, तुमचा देव बदला असंही कधी म्हणाले नाहीत. उद्या मुलगा म्हणून आत जाऊ नका, दाराशी थांबा, इतकंच.

पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या आईच्या खोलीबाहेर उभं राहून मी म्हटलं, मी इथेच कोपरीत राहतो, आत येऊ का? तिने बराच विचार केला. मग म्हणाली, या, पण चपला बाहेर काढा. मी अनवाणीच होतो, तरी काढल्यासारखं केलं. मग तिच्यासमोर बसून मी तिच्या मनगटाची क्षमा मागितली. तिथे तेव्हा फक्त पिवळट सावली राहिली होती. ती म्हणाली, असू दे, तुम्ही काही मुद्दाम केलं नसेल. मला तिथेच थांबता आलं असतं. पण सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला. मी म्हटलं, मुद्दामच केलं होतं.

"मग आता नका करू," ती म्हणाली.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. गोळ्या थुंकणं चालूच होतं, अंथरूण ओलं होणं चालूच होतं, दुपारी चिडणं होतं, माझंही आणि तिचंही. पण तिने दार लोटून घेणं थांबवलं. रोज विचारणारा माणूस चोर नसणार, एवढं तिला कुठेतरी पटलं असावं. मी बायकोलाही कल्याणचं खरं काय ते सांगून टाकलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पुढच्या गुरुवारी माझ्याबरोबर सरांसाठी डब्यात खोबऱ्याच्या वड्या दिल्या.

फाल्गुनातली गोष्ट. सकाळी अकराच्या सुमाराला गॅसवाला आला. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्याच्या खांद्याला लागलं होतं, म्हणून मी खाली जाऊन त्याच्याबरोबर सिलिंडर वर आणला, स्वयंपाकघरात लावून घेतला. दार तेवढा वेळ उघडं राहिलं. परत आईच्या खोलीशी येऊन मी म्हटलं, आत येऊ का? उत्तर आलं नाही. खोली रिकामी होती. पाच, फार तर सात मिनिटं झाली असतील.

मी गच्ची बघितली, शेजारची आवारं बघितली, बाजार, भाजीवाले, स्टेशनचा जिना. बायकोला फोन केला, ती शाळेतून निघाली. तासाभराने मी पोलीस चौकीत उभा होतो. हवालदार सभ्य होता. त्याने वय लिहून घेतलं, उंची लिहून घेतली आणि विचारलं, अंगावर काय आहे? मला सांगता येईना. साडी की गाऊन, हिरवं की निळं. सकाळी मीच तिला आंघोळ घातली होती, मीच कपडे चढवले होते, त्याला तीन तासही झाले नव्हते. इतके दिवस मी जगाला सांगत होतो की ती मला ओळखत नाही. आणि मी तिच्याकडे नीट बघितलंही नव्हतं.

बाहेर येऊन बाकावर बसलो आणि सरांना फोन लावला. त्यांनी देवाचं नाव घ्या वगैरे काही सांगितलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोपरीत खाडी कुठल्या बाजूला?"

मी म्हटलं, मीठबंदरकडे.

"मग तिकडे जा. खाडीच्या माणसाचे पाय खाडीकडे वळतात. मी इतकी वर्षं कल्याणात आहे, माझे अजून दुर्गाडीच्या खाडीकडेच वळतात." मग म्हणाले, "त्या आत्ता कुणाच्या तरी दारात उभ्या असतील. तो माणूस त्यांना आत घेईल. तुम्ही घाबरू नका, चालत राहा."

ते त्यांना कसं कळलं, हे मी नंतर कधी विचारलं नाही. भूगोल असेल, नाहीतर आणखी काही. मी मीठबंदर रोडने निघालो. भर दुपार होती, ओहोटीच्या चिखलाचा वास येत होता. शेवटाकडे जुनी घरं आहेत. त्यातल्या एका घराच्या ओट्यावर, सावलीत, माझी आई बसली होती. समोर सूप होतं आणि त्यात सुकट. ती सुकट निवडत होती, भराभर, सराईत बोटांनी. शेजारी एक साठीतली कोळीण पाय पसरून तेच करत होती. आईच्या अंगावर जांभळी साडी होती. ती मी तिथे पहिल्यांदा पाहिली म्हटलं तरी चालेल.

मी धावत जाऊन म्हटलं, आई, चल घरी. आईने वर बघितलं, पण उठली नाही. कोळिणीने सूप बाजूला केलं आणि मला अडवलं.

"तुमी कोन तिचं?" तिने विचारलं. मी मुलगा म्हणालो. तिने आईला विचारलं, "काय गो बाय, यो तुजा पोर हाय?"

आईने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "नाही. पण चांगले आहेत हे. रोज येतात."

कोळीण म्हणाली, "ती तं नाय बोलते. मंग मी तिला तुमचे हाती आशी कशी देऊ?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ती आमच्या मधे नीट उभी राहिली होती.

माझा हात खिशात गेला. फोनमध्ये फोटो होते, आईचं आधार कार्ड होतं, काय हवं ते होतं. फोन अर्धा बाहेरही आला. तेवढ्यात आईचा चेहरा दिसला. माझ्या घाईने ती आक्रसली होती. आणि मला एकदम त्या बाईचा राग यायचा थांबला. माझ्या आईचं माझ्यापासून रक्षण करायला भर दुपारी कुणीतरी उभं होतं. त्या सकाळी, मी तिचा हात पिरगळला तेव्हा, असं कुणी उभं असतं तर! मी फोन परत ठेवला. ओट्याखाली उभा राहून विचारलं, "मी इथे बसू का?"

आईने कोळिणीकडे बघितलं, जणू घर दोघींचं होतं. मग सरकून जागा दिली. मी बसलो आणि सुकट निवडायला लागलो. मला ते धड जमत नव्हतं. कोळीण थोडा वेळ बघत राहिली, मग तीही बसली. तिने सांगितलं, सकाळी ही दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, आत येऊ का? "आशी इचारून कोन येतं आताशा? मी म्हनलं, ये बाय, बस." माझ्या हातातली सुकट हातातच राहिली. ते वाक्य आईचं नव्हतं. गेले कित्येक महिने ती ते रोज सकाळी माझ्या तोंडून ऐकत होती.

मग आई आपणहून बोलू लागली. मला नव्हे, कोळिणीला, तिने मुलांबद्दल विचारलं म्हणून. म्हणाली, दोन मुलगे आहेत मला. धाकट्याच्या वेळी मी फार आजारी पडले, तेव्हा थोरल्याला माझ्या माहेरी ठेवलं. दीड वर्ष ठेवावं लागलं. परत आणला तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि मला ओळखेना. माझ्या वहिनीला आई म्हणायचा आणि मला मामी. जवळ घेतलं की ओरडायचा, आईकडे जायचंय म्हणायचा. कोळिणीने विचारलं, मग काय केलंस? आई सुकट निवडत म्हणाली, "काय करणार? मामी म्हणून राहिले त्याच्याजवळ. तो बोलावेल तेव्हा जायचं. लेकराला काय जबरदस्ती करणार? होते ओळख, आपण घाई नाही करायची." किती दिवस लागले, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. ती म्हणाली, कोण मोजतंय.

हे मला आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं, आणि मुलगा म्हणून मी समोर असतो तर कधी सांगितलंही नसतं. एका परक्या घराच्या ओट्यावर, परका होऊन बसलो, म्हणून ते माझ्यापर्यंत आलं. जे मी इतके दिवस जबरदस्तीने मागत होतो, ते तिने मला कधीच देऊन ठेवलं होतं. मी खाली मान घालून सुकट निवडत राहिलो. डोळ्यांतलं पाणी सुपात पडलं असेल तर पडलं असेल.

ऊन कलल्यावर आईने हात झटकले आणि मला म्हणाली, मला घरी सोडाल का? मी कोळिणीकडे पाहिलं. ती उठली, आईच्या पदरात मूठभर सुकट बांधून दिली आणि म्हणाली, "ने रं बाबा. आता देते."

गुरुवारी मी सगळं सरांना सांगितलं. माझ्या मनात चमत्कार वगैरे शब्द घोळत होते. त्यांनी विचारलं, त्या बाईंना परत जाऊन भेटलात का? मी नव्हतो भेटलो. ते म्हणाले, मग इथे काय करताय? मी दुसऱ्या दिवशी आईला घेऊन गेलो, आणि पुढे आठवड्यातून दोनदा तरी आमची दुपार त्या ओट्यावर जाऊ लागली.

यंदाच्या थंडीत परकार सर दोन दिवसांच्या तापाने गेले. कब्रस्तानात आम्ही गुरुवारचे सगळे मागे उभे होतो, काय करायचं ते न कळून. एका वृद्ध माणसाने खुणेने पुढे बोलावलं आणि सांगितलं, तीन मुठी माती द्या. मी दिली. हाजराबाई आता त्याच घरात भाचीबरोबर असतात. गुरुवारची माणसं अजून जमतात, आणि जिना चढून आलेला प्रत्येक जण आधी त्यांना विचारतो, बसायची परवानगी आहे का?

माती देऊन मी घरी आलो, आंघोळ केली आणि आईच्या खोलीत जाऊन बसलो. त्या दिवशी दाराशी विचारायचं भानही मला राहिलं नाही. मी नुसतं म्हटलं, आज माझे एक सर गेले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बस असा. सकाळपासून काही खाल्लं नसशील तू."

मला विसरल्यापासून तिने मला तू म्हटलं नव्हतं. तिने मला ओळखलं का, हे मी विचारलं नाही. उठलो, ताट वाढून आणलं आणि तिच्यासमोर बसून जेवलो. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा 'तुम्ही' म्हणाली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शरण जाणं म्हणजे हरणं, अशी माझी समजूत होती. आता वाटतं, आपला हक्क खाली ठेवून नुसतं जवळ बसणं, एवढंच ते असावं. सरांच्या हातून ज्याने मला हे दाखवलं त्याला कुठल्या नावाने हाक मारायची, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण रोज सकाळी मी त्याचे आभार मानतो.